उघाडीच्या फळ्या

३ जुलै २०१३
रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) सुरू. आता दिवाळीपर्यंत कॉलेज नाही, लेक्चर नाही. गावात राहायचं, शेतकऱ्याच्या हाताखाली काम करायचं आणि वही भरायची. पनवेलच्या संशोधन केंद्रावर सरांनी गावं वाटली. चिठ्ठी उघडली तर आमचंच गाव! उडालेच. सर म्हणाले, "नियमात बसत नाही, पण खाडीकाठी राहायला दुसरं कुणी तयार नाही. प्रतीक्षाला तुझ्याच घरी ठेव."
प्रतीक्षा बार्शीकडची, माझी रूममेट. खाडी आयुष्यात पाहिलेली नाही. गव्हाण फाट्यापासून नाक दाबून बसली होती. "काय गं हा वास?" म्हटलं, चिखल. तुमच्याकडे नुसती ढेकळं, तुला काय कळणार.
ती मासे खात नाही हे आईला सांगायचं राहूनच गेलं. पहिल्या दिवशी बिचारी भात-लोणच्यावर.

५ जुलै
सरांची पीएच.डी. चालू आहे. विषय : मुलं कृषी शिक्षणाकडे का वळतात. चार पानी फॉर्म. आम्ही भरायचा, शिवाय बारावीच्या मुलांकडून भरून आणायचा.
प्र.चा फॉर्म वाचला आणि हबकले. 'तुमच्या निवडीवर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा?' पुढे लिहिलंय, आत्याचा. खाली खुलासा : आत्याने स्थळ आणले होते, लग्न टाळायला हॉस्टेल असलेले कॉलेज हवे होते, इंजिनिअरिंगला मार्क कमी पडले.
"हे असं लिहितात का?"
"खरं लिहा म्हटलंय की सरांनी."
वर्गात पहिली येते ही! तिच्या वह्या उतरवून मी तीन वर्षं पास झाले.
माझा फॉर्म भरला नाही अजून, पण मला विचार करायची गरजच नाही. पुरात खाडीने बांध फोडला, आमची सगळी खारजमीन गेली, ती परत पिकवायची म्हणून कृषी. पहिल्या वर्षी पालक मेळाव्यात स्टेजवरून हेच बोलले होते. टाळ्या थांबेनात. सर अजून नव्या मुलांना माझं उदाहरण देतात. लाज वाटल्यासारखं दाखवते, पण आवडतं.

११ जुलै
बारावीच्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आलो. रात्रीच्या जेवणाआधी कॉटवर पसरून वाचले. कृषीला जावंसं वाटणारे बरेच निघाले की! का, तर अधिकारी होता येतं. स्पर्धा परीक्षेला बरं पडतं. सातबारा असला की प्रवेशाला जादा गुण. औषधांच्या दुकानाचं लायसन मिळतं. शेती करायची म्हणून? एकसुद्धा नाही. मी दोनदा गठ्ठा चाळला.
वर्गात एक जण म्हणाला होता, "ताई, इथं विमानतळ येतोय आणि तुम्ही भात शिकताय?" सगळे हसले. मीपण हसले, काय करणार. पण मागच्या बाकावरची एक मुलगी थंडपणे म्हणाली, "शेती शिकून करायची कुणाच्या जमिनीवर? आमचा तर प्लॉट झाला." तेच डोक्यात आहे.

१६ जुलै
आमचा शेतकरी म्हणजे जोमा आजा. गावात भात लावणारा तो एकटाच उरलाय. बाकी सगळे तळोज्याला कारखान्यात, उरणला बंदरावर, नाहीतर जेसीबी-डंपर घेऊन. त्याची जमीन आतल्या बांधाच्या आड आहे म्हणून वाचली. बाहेरच्या बांधाची, म्हणजे आमची, तिथं आता नुसती तिवरांची झाडं. डोक्याच्या वर गेलीत. तोडायची सोय नाही, एक तोडलं तरी गुन्हा.
आजाच्या एका तुकड्यावर आम्ही केंद्राचं खारं पाणी सोसणारं बियाणं लावलं. चिखल मांडीपर्यंत. प्र. पडली, परत पडली, मग हसत सुटली. आजा म्हणतो, "लाव पोरी, वाकडा लाव पन खोल लाव."
कंबर गेली कामातून. तरी मजा आली.

२४ जुलै
आज गावाचा नकाशा. रावेची पद्धत अशी की नकाशा आम्ही काढायचा नाही; देवळासमोर शेण सारवून रांगोळी गावकऱ्यांच्या हातात द्यायची. दहा-पंधरा म्हातारे जमले. बायका मागे. कुणी रस्ता काढला, कुणी शाळा. खाडीला निळा रंग. जोमा आजाने बाहेरचा बांध काढला, आणि बांधात जिथं उघाडी होती, पाण्याचं दार, तिथं चौकट काढली. ओहोटीला दार उघडून पावसाचं पाणी सोडायचं, भरती आली की बंद. हे सगळं तो प्र.ला समजावत होता.
मी शहाणी, मध्येच म्हटलं, "आजा, पुरात बांध कुठं फुटला तेपण दाखव ना."
आजा म्हणाला, "कनचा पूर? बांध नाय फुटला. बांध अजून हाय तसा हाय. उघाडीच्या फल्या काढल्या. उधानाच्या दिवशी, समद्यांनी मिलून."
मागे कुणीतरी "ए आजा!" म्हणून ओरडलं. तो थांबला नाही. "काय ए? पोर शिकलीय, तिला चुकीचा नकशा शिकवू? फल्या घरोघरी वाटून नेल्या. तुज्या घरी पन हाय एक, पोरी. तुज्या बापानंच पयली काढली."
प्र. माझ्याकडे बघत होती. मी खाली बसून रांगोळीचे डबे बंद करत बसले. एकाचं झाकण दुसऱ्याला लावलं.

२४, संध्याकाळ
मोरीजवळ पाण्याचे हंडे ठेवतो ती फळी. जाड, काळी, एका टोकाला लोखंडी कडी. माझ्या आठवणीपासून तिथंच आहे असं वाटायचं. रोज मीच घासते. कडी कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कृषी पदवीधर होणार म्हणे मी.
हंडे उतरवले. आईने पाहिलं आणि ओट्यापाशीच खाली बसली. "कोनी सांगितला?"
"खरं आहे?"
"तू सातवीत व्हतीस. तुला काय सांगनार?"
मग म्हणाली, "बाकीच्यांनी फल्या चुलीत घातल्या. मी नाय जालू दिली. हंडे ठेवले वर."
मी म्हटलं, मग पूर? म्हणाली, पोरांना सांगाला काहीतरी लागतं. त्या साली पाऊस पन मोठा व्हता.

२५ जुलै
आईकडून तुकड्या-तुकड्याने कळलेलं लिहून ठेवते, नाहीतर मलाच खोटं वाटेल.
एक दलाल आला होता. कंपनीला बाहेरची सगळी खार एकदम हवी. पण पिकती जमीन कंपनीच्या नावावर होत नाही, तीन वर्षं पडीक दिसली पाहिजे, असं त्यानं सांगितलं. गाव तयार. पण मोह कुणाला सुटतो? पाऊस आला की कुणीतरी नांगर घालणार आणि सगळ्यांचा सौदा फिसकटणार. एकमेकांचा भरवसा नाही म्हणून दारच काढून टाकलं! खारं पाणी आत आलं की कुणाला लावता यायचं नाही. जोमा आजा एकटाच तयार झाला नाही.
तीन वर्षं झाली, जमीन पडीक झाली. आणि तिवरं उगवली. बी वाहून येतं, खारा चिखल मिळाला की झालं. मोजणीवाले आले, कागदावर कांदळवन लागलं. दलालाचा फोन बंद. आता विकता येत नाही, पिकवता येत नाही, झाड तोडता येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. हसू का रडू कळेना. पूर परवडला असता.

२८ जुलै
बाबा तळोज्याला पाळीवर असतात, ड्रम चढवायचे-उतरवायचे. तीन दिवस चुकामूक होत होती, की ते चुकवत होते. आज सकाळी गाठलं. दारात बूट काढत होते.
मी काय काय बोलले ते लिहीत नाही. वाईट बोलले. चोर म्हटलं.
ते म्हणाले, "पिकत व्हती तवा कोन इचारत व्हता? खारातल्या घरात पोरी देत नव्हते लोक." मग बूट बाजूला ठेवून, "तुला शिकवाची व्हती. ती जमीन विकून शिकवनार व्हतो."
माझ्या शिक्षणासाठी जमीन घालवली, आणि जमीन गेली म्हणून मी हे शिक्षण घेतलं. डोकं गरगरतंय.
आणि एक आठवलं, ते जास्त लागलं. त्या पालक मेळाव्यात बाबा होते. तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. मी स्टेजवरून खाडीच्या नावानं बोटं मोडत होते आणि सगळ्यांबरोबर तेही टाळ्या वाजवत होते.

७ ऑगस्ट
बोलणं बंद. आई मधल्यामध्ये. "बापाला चा दे" म्हणते, मी प्र.च्या हाती पाठवते.
प्र. आज चिडली. "तुझ्या वडलांनी फसवलं म्हणून तू कशाला सुतकात बसलीस? मी आत्यामुळं आले, तरी भात लावतेच की."
हिला कसं सांगू. हिला आधीपासून कारणच नव्हतं, जाणार काय? माझं होतं.

२० ऑगस्ट
सरांनी फॉर्म मागितला. कोराच दिला. सर चक्रावले. "अगं, मेळाव्यातलं तुझंच बोलणं तर मी प्रबंधाच्या सुरुवातीला घेतलंय." म्हटलं, काढा सर, ते खोटं आहे. काय झालं ते विचारलं, सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, "मग आता एम.एस्सी. करणार की नाही?"
त्यांना एवढंच सुचलं! पण घरी येईपर्यंत मलाही तेवढंच सुचत होतं. एम.एस्सी. करायची ती खारजमिनीवरच, हे बारावीपासून ठरलेलं. आता कशासाठी? बाबांनी केलेलं निस्तरायला?

१३ सप्टेंबर
गणपती झाले. बाबा आज स्वतःहून बोलले, बाप्पा गेल्यावर. तळोज्याच्या एका औषध-फवारणीच्या कंपनीत कृषीवाल्या मुलांची मुलाखत आहे. १९ ऑक्टोबर, दुपारी बारा. त्यांनी सुपरवायझरला धरून माझं नाव घातलंय. "हातापाया पडलोय त्याच्या. नाव नको घालवूस."
मी हो म्हटलं. लगेच. माझं मलाच आश्चर्य वाटलं. राग होता त्यात, की सुटका, सांगता येत नाही. एसी ऑफिस, चपलांना चिखल नाही. बरंच आहे.
आई खूश. शेजारी पेढे द्यायला निघाली होती, अडवली.

२९ सप्टेंबर
आमच्या तुकड्यातलं भात पोटरीत आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली. आजूबाजूच्या आजाच्या नेहमीच्या भातापेक्षा वीतभर बुटकं, पण पानं हिरवीगार. आजा रोज संध्याकाळी येऊन बघून जातो. प्र.नं फोटो काढून आत्याला पाठवला. उत्तर आलं, 'स्थळ अजून आहे.'
हसून पुरेवाट.

४ ऑक्टोबर, सर्वपित्री
आजा धापा टाकत घरी आला. आतला बांध पाझरतोय. उघाडी गेल्यापासून खाडीचा सगळा जोर या बांधावर येतो, तो तेवढ्यासाठी बांधलेलाच नाही. उद्या-परवा उधाण. बांध गेला तर उरलेली खारही गेली, मग तिथंही तिवरं, आणि कायमची.
गावचा रिवाज होता : बांधाची हाक आली की घरटी एक माणूस. ताटावरून उठून यायचं. ज्या घरचं कुणी आलं नाही त्या घरी पुढे कुणी कार्याला जायचं नाही. आई सांगते, लहानपणी तिने हाक दोनदा ऐकली.
आजाने हाक दिली. देवळापासून शेवटच्या घरापर्यंत. मी मागून चालत होते. लोक दारात आले, बघितलं. एक जण म्हणाला, "आजा, जेसीबी सांगू का?" जेसीबी त्या चिखलात उतरतो का? कुणीच चप्पल घातली नाही. मला वाटलं होतं, हाकेला तरी येतील.

५ ऑक्टोबर
ओहोटी सकाळी. बांधावर आम्ही पाच : आजा, त्याची सून, मी, प्र. आणि देवळातला पुजारी, ज्याची एक गुंठा जमीन नाही. पेंढा आणि चिखल दाबत होतो. एका जागी बुजवलं की दुसरीकडे पाणी. पुस्तकात बांधाच्या देखभालीवर दीड पान आहे, मला पाठ आहे. काही उपयोग नाही.
दुपारच्या भरतीला पाणी बांधाच्या अगदी काठाशी होतं. बघवत नव्हतं. टिकला. उद्याचं पाणी याहून मोठं, असं आजा म्हणतो.

६ ऑक्टोबर
सकाळी बांधावर पोचलो तर बाबा तिथं होते.
लुंगी वर खोचलेली, अनवाणी. रात्रपाळी करून तसेच आलेले. आमच्याकडे बघितलं नाही. बांधाच्या उतारावर पाय घासत हळूहळू चालत होते, मध्येच थांबून टाच दाबत होते. मग म्हणाले, "हितं." खणलं तर खेकड्याचं बीळ, हात कोपरापर्यंत गेला. परत चार पावलं, "हितं." अकरा बिळं काढली त्यांनी, एकही चुकलं नाही. आम्ही काल वरून लिंपत होतो, पाणी खालून येत होतं.
"कसं कळतं?" मी विचारलं. सव्वादोन महिन्यांनी सरळ बोलले असेन.
"थंड लागतो. पानी आत असला की थंड लागतो."
मग त्यांनी माझा पाय धरून तिथं ठेवला. खरंच थंड होतं. त्यांनी तो दुसरीकडे ठेवला, तिथं कोमट. पुढचं बीळ मी सांगितलं. बरोबर निघालं आणि मी ओरडलेच, शाळेतल्या पोरीसारखी. आजाची सून हसायला लागली.
हा माणूस इतकं जाणतो आणि यानंच फळ्या काढल्या. त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पण हेही खरंच की आजच्याइतकी खूश मी वर्षभरात झाले नव्हते. जमीन परत आणायची नव्हती, कुणाचं निस्तरायचं नव्हतं, स्टेज नव्हतं. नुसता पायाखाली चिखल कळत होता. कारण गेलं तरी आवड जागच्या जागी आहे, याचाच आज सगळ्यांत मोठा धक्का बसला. सरांच्या चार पानांत याला रकाना नाही.
दुपारी पाणी आलं, बांधावरून दोन बोटं खाली थांबलं. टिकला.

९ ऑक्टोबर
आजा म्हणतो, हे तात्पुरतं. कोजागिरीनंतरचं उधाण याच्याहून मोठं, तेव्हा भात पिकायला आलेलं असणार. पाणी आलं तर दाणा भरूनही गेला. पुजारी उरणला बहिणीकडे जाणार आहे. प्र.ची तेव्हा केंद्रावर तोंडी परीक्षा.
कॅलेंडर बघितलं. कोजागिरी अठराला. उधाणाचा मोठा दिवस एकोणीस. भरती दुपारी बाराच्या पुढे.
एकोणीसला बाराला तळोजा.
जेवताना बाबाच बोलले, ताटात बघत. "एकोनीसला मी पाली बदलून घेतलीय. बांधावर मी जातो. आपल्या घरचा मानूस झाला. तू तुजी मुलाखत दे."
आई म्हणाली, बरा झाला. घरटी एकच माणूस लागतो, रिवाजाप्रमाणे मी मोकळी. ज्या माणसानं पहिली फळी काढली तो आमच्या घरातून जाणार, आणि मी फवारणीच्या ऑफिसात खुर्चीवर बसणार. इतके दिवस वाटायचं, आमच्या घरचा माणूस म्हणून त्यांनी तिथं उभं राहावं. आता जातायत तर मलाच जागा उरली नाही.
"तुम्ही जाऊ नका, मी जाते," एवढं तोंडाशी आलं होतं. मग त्यांचे हात दिसले, ड्रमच्या कडेनं कापलेले, आणि ते सुपरवायझरच्या पाया पडलेलं आठवलं. भात कालवत बसले.
हात धुताना ते म्हणाले, "बोल ना काय ते."
मी म्हटलं, काही नाही.